नट-बोल्ट एकमेकांत जाम होऊ नयेत म्हणून बसवताना घ्यायची काळजी

चकचकीत, नुकताच पाकिटातून काढलेला, गंजाचा ठिपकाही नसलेला स्टेनलेस स्टीलचा नट बोल्टावर निम्म्यापर्यंत सहज चढतो आणि मग तिथेच असा अडकतो की तो पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही, कारण जाम होणे म्हणजे गंजणे अशीच आपली समजूत असते. वडोदऱ्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत औषध कारखान्यांसाठी भांडी आणि पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी देखभालीचे काम पाहत असताना एका नव्या रिॲक्टरच्या मॅनहोलचे झाकण बसवायचे होते. एम १६ मापाचे, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचे, सगळे बोल्ट आणि नट एकाच प्रतीचे, नवे कोरे होते. काम लवकर उरकावे म्हणून एका तरुण हेल्परने हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन लावली. चौथ्या नटाला गनचा आवाज बदलला, तसा त्याने रिंग पाना घेतला, पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि जोर लावला. बोल्ट मानेपाशी तुटला. तो धावत येऊन म्हणाला, "साहेब, चोंटी गयो," म्हणजे चिकटला. त्याची काहीच चूक नव्हती, कारण त्याला हे कोणी सांगितलेलेच नव्हते, आणि ते सांगायला हवे होते ही जबाबदारी आमची होती.

तो नट मी नंतर उभा कापून पाहिला. आट्यांच्या उतरत्या बाजूंवर धातू सोलल्यासारखा निघाला होता, आणि नट व बोल्ट यांच्या मधल्या फटीत त्याच धातूची एक चमकदार वळकटी दाबून बसली होती. काही ठिकाणी तर नटाचा आटा कुठे संपतो आणि बोल्टाचा कुठे सुरू होतो हे भिंगातूनही कळत नव्हते. या प्रकाराला कारखान्यात गॉलिंग म्हणतात. तो टाळायचा असेल तर आधी तो का घडतो हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या खबरदाऱ्या त्या एका कारणातूनच निघतात.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, याचे श्रेय त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्याला आहे. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की हा पापुद्रा हवेत आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो, मात्र त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते. नट घट्ट करताना आट्यांच्या उंचवट्यांवर प्रचंड दाब येतो, तो पापुद्रा खरवडला जातो, आणि दोन आट्यांच्या मधे हवा पोहोचत नसल्यामुळे तो लगेच भरूनही येत नाही. मग एका बाजूचा उघडा धातू दुसऱ्या बाजूच्या उघड्या धातूला थेट भिडतो आणि दोन्ही एकच जातीचे असल्यामुळे कोणतीही वेल्डिंग न करता एकमेकांना चिकटतात. नट आणखी फिरवला की चिकटलेला तुकडा उपटून निघतो, तो पुढच्या आट्यात रुतून तिथे आणखी धातू उकरतो, आणि काही क्षणांत सगळा सांधा एकजीव होतो. ३०४ आणि ३१६ या रोजच्या वापरातल्या प्रती मऊ आणि चिवट असल्यामुळे त्यांच्यात हा दोष सर्वांत जास्त दिसतो. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांनाही तो होतो. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या, म्हणजे साध्या लोखंडी) बोल्टाला त्या मानाने क्वचितच होतो, तो मुख्यतः गंजाने जाम होतो आणि त्याचा विचार मी पुढे वेगळा केला आहे.

तेव्हा स्टेनलेसचा नट जाम होतो तो बसवतानाच्या अर्ध्या मिनिटात, आणि उपाय करायची वेळही तीच असते.

खरेदीपासून सुरुवात करावी. बोल्टाच्या डोक्यावर ए२-७० किंवा ए४-८० असे कोरलेले असते. त्यातला ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचे आणि ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचे पोलाद, आणि पुढचा आकडा ताकदीचा असतो, म्हणजे ७० असेल तर दर चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन. डोक्यावर कसलीच खूण नसलेला बोल्ट जबाबदारीच्या सांध्यात वापरू नये. ए२ च्या बोल्टावर ए४ चा नट लावला की जाम होत नाही असे अनेक फिटर सांगतात. त्याने थोडा फरक पडतो, परंतु दोन्ही एकाच कुळातल्या प्रती असल्यामुळे तेवढ्यावर विसंबणे योग्य नाही. खरा फरक पडतो तो दोन्हींच्या कठिणपणात तफावत असली तर, किंवा नटावर चांदीचा अथवा टेफ्लॉनसारखा लेप असला तर. जिथे सांधा वारंवार उघडावा लागतो आणि खर्च परवडतो तिथे नायट्रॉनिक ६० या मिश्रधातूचा नट वापरता येतो, कारण तो मुळात याच दोषाला दाद न देणारा म्हणून तयार केलेला आहे. शक्य असेल तिथे बारीक पिचऐवजी (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर) जाड पिच घ्यावी, म्हणजे एम १२ साठी १.२५ ऐवजी १.७५ मिलिमीटर. बारीक आट्यांत फट कमी असते आणि नट तेवढेच अंतर चढवायला जास्त फेरे फिरवावा लागतो. लाटून पाडलेले आटे गुळगुळीत असतात, तर लेथवर किंवा डायने कापून पाडलेल्या आट्यांच्या कडेला बारीक कंगोरे राहतात आणि चिकटण्याची सुरुवात नेमकी तिथून होते. बोल्टाची लांबीही बेताची असावी. घट्ट झाल्यावर नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले की पुरे होते. जास्तीचे पाच सेंटीमीटर म्हणजे नटाने विनाकारण केलेला तेवढा घर्षणाचा प्रवास.

यानंतर आट्यांची जात जुळते की नाही ते पाहावे. जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्याने याकडे दुर्लक्ष करू नये, कारण आपल्याकडच्या वर्कशॉपच्या डब्यांत इंचाचे आणि मिलिमीटरचे नट अजून सर्रास एकत्र पडलेले असतात. अर्धा इंच व्हिटवर्थ (जुना ब्रिटिश) आटा दर इंचाला १२ असतो आणि त्याचा कोन ५५ अंशांचा असतो, तर अर्धा इंच यूएनसी (अमेरिकन) आटा दर इंचाला १३ असतो आणि कोन ६० अंशांचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, एकावर दुसरा दोन-तीन फेरे चढतोही, आणि मग घट्ट होतो. एम ८ आणि पाच सोळांश इंच यांचीही हीच गत होते. म्हणून पिचमापी पट्टी आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरून पाहावी, फटीतून प्रकाश दिसला की तो नट त्या बोल्टाचा नाही. पट्टी नसेल तर ओळखीच्या बोल्टाचे आटे अनोळखी बोल्टाच्या आट्यांत लांबीच्या दिशेने बसवून पाहिले तरी चालते.

स्वच्छतेबाबत मी आग्रही आहे. नवा बोल्टही पाकिटातून काढला की पुसून घ्यावा, कारण कापताना राहिलेला एखादा कीस किंवा ग्राइंडिंगची धूळ आट्यात असली तरी ती चिकटण्याचे बी ठरते. वडोदऱ्यात उन्हाळ्यात वारा सुटला की उघड्या शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर बारीक मातीचा थर बसतो. त्या थरावरच तेल लावले तर ते तेल न राहता घासण्याची पेस्ट होते. स्टेनलेससाठी ब्रशही स्टेनलेसच्या तारांचाच घ्यावा, साध्या लोखंडी तारांचा ब्रश आपले कण मागे ठेवतो आणि तिथे पुढे गंजाचे डाग उठतात. आट्यावर ठेच लागून चपटेपणा आला असेल तर त्यावरून डाय फिरवून घ्यावी, आणि तरीही नट अडखळत असेल तर तो बोल्ट बाजूला काढावा. साधी कसोटी अशी की नट केवळ दोन बोटांनी, पाना न लावता, बोल्टाच्या शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

आता वंगण. आट्यांच्या मधे धातूला धातू भिडू न देणारा थर ठेवणे हाच या सगळ्यातला मुख्य उपाय आहे, आणि तो थर इतका टिकाऊ हवा की दाबाखाली पिळून बाहेर निघून जाऊ नये. साधे इंजिन ऑइल पातळ असल्यामुळे ते तात्पुरतेच उपयोगी पडते. यासाठी अँटी-सीझ नावाची पेस्ट मिळते. तिच्यात ग्रीससारख्या बैठकीत तांबे, निकेल, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट किंवा मोलिब्डेनम डायसल्फाइड यांची बारीक पूड कालवलेली असते, म्हणजे उष्णतेने तेल उडून गेले तरी पूड मागे उरते. तांब्याची पेस्ट साधारण ९८० अंश सेल्सिअसपर्यंत चालते असे उत्पादक सांगतात, निकेलची त्याहूनही वर जाते, तर मोलिब्डेनम डायसल्फाइड हवेत ३५० ते ४०० अंशांच्या आसपास टिकेनासे होते. केवळ तापमान पाहून मात्र पेस्ट निवडू नये. अमोनियाच्या लाइनवर तांब्याची पेस्ट लावू नये, कारण अमोनिया तांब्याला खातो. जस्त असलेली पेस्ट किंवा जस्ताचा लेप जास्त तापणाऱ्या स्टेनलेसच्या सांध्यावर नको, कारण जस्त ४१९ अंशांना वितळते आणि वितळलेले जस्त स्टेनलेसच्या कणांमध्ये शिरून त्याला तडे पाडते. स्टेनलेससाठी घेतलेल्या पेस्टमध्ये क्लोरीन आणि गंधक कमीत कमी असल्याचे डब्यावर लिहिलेले असावे. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या यंत्रांवर एनएसएफ एच १ (खाद्यपदार्थाला चुकून लागली तरी चालेल) अशी नोंद असलेलीच पेस्ट वापरावी. ऑक्सिजनच्या नळीवर आणि व्हॉल्व्हवर साधे तेल, ग्रीस किंवा साधी अँटी-सीझ यांपैकी काहीही लावू नये. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल भडकते आणि त्यात माणसे दगावू शकतात.

पेस्ट लावायची तीही विचारपूर्वक. बोल्टाच्या ज्या भागावरून नट जाणार आहे त्या भागाच्या आट्यांच्या खोबणी लहान ब्रशने भरून घ्याव्या, आणि नटाचा जो चेहरा वॉशरवर घासला जातो त्यालाही पातळ हात मारावा. बहुतेकजण हा दुसरा भाग विसरतात, आणि नट घट्ट करताना लावलेल्या जोराचा सुमारे निम्मा भाग खर्च होतो तो नेमका तिथेच. एकूण जोराचा आणखी जवळपास चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहा टक्के उरतो.

याच हिशेबातून एक धोका निर्माण होतो आणि त्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पेस्ट लावल्यावर घर्षण कमी होते, म्हणून तोच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ठेवला तर बोल्टावर ताण जास्त येतो. एम १२ चा ए२-७० बोल्ट घ्या. टॉर्क म्हणजे (घर्षणावर ठरणारा) गुणांक गुणिले व्यास गुणिले ताण, या साध्या सूत्राने कोरड्या आट्यांसाठी गुणांक ०.२ धरला, तर ३० किलोन्यूटन ताणासाठी ७२ न्यूटन-मीटर लागतात. पेस्ट लावल्यावर गुणांक ०.१५ झाला असे समजू. आता त्याच ७२ न्यूटन-मीटरमध्ये ताण ४० किलोन्यूटन होतो. या बोल्टाच्या आट्यांचे कामाचे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर आहे आणि ए२-७० दर चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटनपर्यंतच न लांबता टिकतो, म्हणजे साधारण ३८ किलोन्यूटनपर्यंत. कोरड्याचा आकडा वंगणावर लावला की बोल्ट कायमचा लांबतो. म्हणून त्याच ३० किलोन्यूटन ताणासाठी टॉर्क ५४ न्यूटन-मीटरवर आणला पाहिजे. वरचे गुणांक मी उदाहरणापुरते धरले आहेत, प्रत्यक्षात पेस्टच्या डब्यावर किंवा तिच्या माहितीपत्रकात दिलेला गुणांक वापरावा. कोरड्या स्टेनलेसचा गुणांक तर एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत बदलतो आणि ०.३ पर्यंतही जातो. वंगण लावण्याने हा बेभरवसा कमी होतो आणि गॅस्केटवर सगळीकडून सारखा दाब येतो, आणि माझ्या मते हा लाभ जाम न होण्याइतकाच मोलाचा आहे.

प्रत्यक्ष बसवताना नट बोल्टाच्या टोकावर ठेवून आधी उलट दिशेने फिरवावा. आट्याचे तोंड आट्याला मिळाले की बारीकसा टक्क असा आवाज येतो आणि नट किंचित खाली बसतो, मग सुलट फिरवायला सुरुवात करावी. याने आटे आडवे चढत नाहीत. निदान पहिले पाच-सहा फेरे हाताने द्यावेत आणि पुढे पाना घ्यावा. इम्पॅक्ट गन स्टेनलेसवर वापरू नये, कारण वेगाने उष्णता वाढते आणि हाताला जो अडथळा जाणवतो तो गनला जाणवत नाही. फ्लँज (बोल्टांची भोके असलेली जोडाची कडा) असेल तर सगळे नट आधी हाताने टेकवून, मग समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने घट्ट करावेत. एकच नट शेवटपर्यंत आवळून पुढच्याकडे गेले की फ्लँज तिरका होतो, बाकीचे बोल्ट वाकतात आणि वाकलेल्या बोल्टावर नट एकाच बाजूला घासतो. झाकण ओढून आणण्यासाठी नटाचा उपयोग करू नये. भोके आधी जुळवून घ्यावी. नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट स्टेनलेसमध्ये फार लवकर जाम होतात, कारण ते सुरुवातीपासून अडथळा देतच फिरतात. ते वापरायचेच असतील तर आट्यांना वंगण लावून, अगदी सावकाश, मधे थांबत फिरवावेत.

छतावरच्या सोलरचे काम करणाऱ्यांनी हे सगळे जरूर मनावर घ्यावे, असे मला वाटते. गुजरातमध्ये आता गल्लोगल्ली छतांवर पॅनेल आहेत. ॲल्युमिनियमची पट्टी, स्टेनलेसचा एम ८ बोल्ट, त्यावर स्टेनलेसचा नट, आणि मे महिन्याच्या उन्हात बॅटरीच्या गनने भराभर आवळणारे कारागीर, असे तिथले दृश्य असते. घाईत जाम झालेला नट घट्ट वाटतो, पण पॅनेल मात्र सैल राहते, कारण सगळा जोर आट्यांतच अडकलेला असतो. शिवाय स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओले होऊन एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी पूड सांध्यात दाटते. म्हणून ॲल्युमिनियमच्या भोकात आटे पाडून त्यात स्टेनलेसचा स्क्रू बसवताना पेस्ट लावलीच पाहिजे. तांब्याची पेस्ट मात्र इथे नको, तांबे ॲल्युमिनियमला आणखी झिजवते.

गंजाने जाम होणाऱ्या एमएसच्या बोल्टांची गोष्ट वेगळी आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो, आणि आट्यांच्या बंद फटीत ती जागा नसल्यामुळे तो नटाला पाचर ठोकल्यासारखा धरून ठेवतो. इथे बचाव म्हणजे पाणी आत जाऊ न देणे. दांडिया बाजाराच्या आसपासच्या गणपतीच्या मांडवांसाठी वापरायचे लोखंडी सांगाडे वर्षभर गोदामात पडून असतात, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तसे पाणी कधी गोदामात आले तर पुढच्या वर्षी पाना लावून उपयोग होत नाही. मांडव उतरवताना बोल्ट सांगाड्याला तसेच न ठेवता काढावेत, रॉकेलमध्ये धुऊन कोरडे करावेत आणि ग्रीसचा हात मारून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. एका संध्याकाळचे काम आहे. गरम जस्तात बुडवलेले बोल्ट घेतले तर त्यांचेच नट घ्यावेत, कारण जस्ताच्या जाड थरासाठी त्या नटांचे आटे थोडे मोठे कापलेले असतात आणि साधा नट त्यांवर चढतच नाही.

स्कूटरच्या सायलेन्सरचे स्टड (डोके नसलेले बोल्ट) आणि बॉयलरचे झाकण अशा तापणाऱ्या जागी वर सांगितलेल्या तापमानाच्या मर्यादा पाहून पेस्ट लावावी. सायलेन्सरवर पितळी नट लावायची जुनी पद्धत चांगली आहे, पितळ स्टडच्या पोलादाला चिकटत नाही.

वंगण लावू नये अशाही जागा आहेत. गाडीच्या चाकांचे नट बहुतेक उत्पादकांनी कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कवर आवळायचे असतात, तिथे पेस्ट लावली तर वर दाखवलेल्या हिशेबाप्रमाणे स्टड ताणले जातात. मुलामा दिलेल्या आट्यांच्या स्पार्क प्लगलाही अनेक उत्पादक पेस्ट लावू नका असे सांगतात. आणि जिथे नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना चिकटवणारे द्रव्य लावायचे आहे तिथे अँटी-सीझ लावले की त्या द्रव्याचा काहीच उपयोग उरत नाही.

इतके करूनही पान्याखाली नट एकाएकी जड लागला तर त्याच क्षणी थांबावे. अजून अर्धा फेरा देऊन पाहू, हा मोह आवरावा, कारण सांधा वाचतो किंवा जातो तो त्याच अर्ध्या फेऱ्यात. गंज सोडवणारे पातळ तेल दोन्ही बाजूंनी आट्यांत सोडावे, सांधा गार होऊ द्यावा, आणि मग हलक्या हाताने थोडे मागे, थोडे पुढे असे करत नट उलट काढावा. गंजाने धरलेला नट तापवला की पुष्कळदा सुटतो, मात्र तेल लावल्यावर ज्योत लावू नये आणि जस्त चढवलेल्या नटाचा धूर अंगावर घेऊ नये. गॉलिंग झालेला नट तापवून सहसा सुटत नाही. तो मुळीच हलत नसेल तर जोर न लावता नट फोडायच्या साधनाने, किंवा ग्राइंडरने नटाची एक सपाट बाजू स्टडला न लागता कापून काढावी, म्हणजे स्टड आणि फ्लँज तरी वाचतात. आमच्या त्या रिॲक्टरवर अडकलेले बाकीचे नट आम्ही असेच कापले.

सुटून आलेला नटही परत वापरू नये. त्याच्या आत उकरलेल्या धातूचे कंगोरे तसेच असतात आणि नव्या बोल्टावर चढवला की ते नव्या आट्यांना धरतात. नट आणि बोल्ट दोन्ही भंगारात टाकावेत, आणि टाकण्यापूर्वी नटावर हातोडी मारून तो चपटा करावा, म्हणजे दुसऱ्या पाळीतला कोणी तो उचलून डब्यात परत ठेवणार नाही.